राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ८० नव्हे: मालवाहू गाडी, रस्त्याचा प्रकार आणि वेगमर्यादा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मालकाचा चौदा फुटी आयशर ट्रक घेऊन तुम्ही चोपड्याहून निघालात, जळगाव–चाळीसगाव रस्त्यावर पाचोऱ्याच्या पुढे गाडीचा वेग ताशी ७१ किलोमीटर नोंदला गेला आणि काही दिवसांनी मालकाच्या मोबाईलवर ई-चलन आले. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ७५३ जे आहे, गाडीचा स्पीड गव्हर्नर (ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणारे उपकरण) ८० वर बांधलेला आहे, मग चलन कशाचे, असे तुमचे म्हणणे आहे. त्याला जोडून राज्यमार्ग, जिल्हा मार्ग आणि गावरस्ता यांवर मालगाडीने (म्हणजे रस्त्यावरच्या मालवाहू वाहनाने) किती वेगाने चालावे, असेही तुम्ही विचारले आहे. मी धुळ्याहून वीस वर्षे ट्रक चालवला आणि आता नव्या चालकांना गाडीवर बसवण्याचेच काम करतो. हा गैरसमज माझ्याकडे येणाऱ्या दर दोन मुलांपैकी एकाच्या डोक्यात असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम सरळ उत्तर देतो. तुमचे चलन वेगाच्या हिशेबाने बरोबर आहे. त्या रस्त्यावर तुमच्या गाडीची मर्यादा ६० होती. महामार्ग राष्ट्रीय आहे की राज्य, याच्याशी वेगमर्यादेचा थेट संबंध नाही.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ अन्वये कमाल वेग ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, आणि एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत केंद्राने रस्त्यांचे जे चार प्रकार केले त्यांत 'राष्ट्रीय' किंवा 'राज्य' हे शब्दच नाहीत. पहिला प्रकार प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्ग, दुसरा मध्ये दुभाजक असलेला चौपदरी किंवा त्याहून रुंद रस्ता, तिसरा नगरपालिका-महापालिका हद्दीतील रस्ता, आणि चौथा म्हणजे उरलेले सगळे रस्ते. मालवाहू गाडीला पहिल्या दोहोंवर ८० आणि नंतरच्या दोहोंवर ६० ही कमाल मर्यादा त्या अधिसूचनेत आहे. जळगाव–पाचोरा–भडगाव–चाळीसगाव हा रस्ता काँक्रीटचा आहे, गुळगुळीत आहे, त्याच्या फलकावर राष्ट्रीय महामार्गाची ढालीच्या आकाराची खूण आहे, पण तो दुपदरी आहे आणि मध्ये दुभाजक नाही. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो चौथ्या खणात पडतो, म्हणजे ज्या खणात तुमच्या गावचा डांबरी रस्ता पडतो त्याच खणात.

हे ऐकून पुष्कळांना राग येतो, पण त्यामागचे कारण साधे आहे. दुभाजक असला की समोरून येणारी गाडी तुमच्या पट्ट्यात येत नाही. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायला निघालेला प्रत्येक चालक काही सेकंद समोरच्याच्या पट्ट्यात चालत असतो, आणि दोन गाड्या ८०–८० ने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यामधले अंतर दर सेकंदाला ४४ मीटरने कमी होते. काँक्रीट कितीही चांगले असले तरी हा हिशेब बदलत नाही. उलट चांगल्या काँक्रीटवर वेग जाणवत नाही, आणि खड्ड्यांच्या काळात ४५ ने जाणारा चालक नकळत ७० वर जातो. तुमचेही तसेच झाले असणार.

आता गाडीविषयी. कायद्यात मालवाहू गाड्यांचा 'एन' हा एकच मोठा वर्ग आहे: एकूण वजन साडेतीन टनांपर्यंत असेल तर एन-१, बारा टनांपर्यंत एन-२, त्यापुढे एन-३. वेगमर्यादा मात्र तिघांनाही सारखी. म्हणजे तुमची आयशर, दहाचाकी, टॉरस यांना जी मर्यादा, तीच भाजीपाल्याच्या पिकअपला आणि छोट्या हत्तीलाही. पिकअपवाले स्वतःला मोटारवाल्यांत धरतात आणि चौपदरीवर ९५–१०० ने जातात; मोटारीला तेथे १०० ची मुभा आहे, पिकअपला नाही. सावदा-फैजपूरकडून पहाटे केळीचे घड घेऊन निघणाऱ्या पिकअप पाहिल्या की मला नेहमी वाटते, यांतील निम्म्या चालकांना आपण मालगाडी चालवतो हेच कोणी सांगितलेले नाही.

स्पीड गव्हर्नरचेही तसेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ११८ प्रमाणे ऑक्टोबर २०१५ नंतर तयार झालेल्या परिवहन गाड्यांना तो ८० वर बांधून येतो. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि घातक माल वाहणाऱ्या गाड्यांना ६० वर. गव्हर्नर गाडीला इतकेच सांगतो की याच्या पुढे जाऊ नकोस. या रस्त्यावर किती जावे, हे तो सांगत नाही, कारण गाडी कोणत्या रस्त्यावर आहे हे त्याला ठाऊक नसते. उतारावर तर इंजिनाला डिझेल कमी मिळाले तरी वजनाने गाडी ८० च्या पुढे सरकते, हे तुम्ही अनुभवले असेलच.

आणखी एक पायरी राहिली. केंद्राने दिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे. कलम ११२ मध्येच राज्य सरकारला आणि त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेला एखाद्या पट्ट्यावर ती कमी करता येते, आणि तसे केले की फलक लावावा लागतो. लाल कड्याच्या गोल फलकात जो आकडा असेल तोच त्या ठिकाणचा कायदा. त्रिकोणी फलक सावध करतो, गोल फलक हुकूम करतो, एवढी खूणगाठ बांधली की पुष्कळ गोंधळ मिटतो. जळगाव शहरातून जाणारा जुना महामार्ग, म्हणजे आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली हा भाग, रुंद आहे म्हणून त्याला चौपदरी महामार्ग समजू नका. तो महापालिका हद्दीत आहे, तेथे मालगाडीला फार तर ६०, आणि फलकावर कमी असेल तर तेवढेच. जेथे दोन आकडे लागू होतात असे वाटेल तेथे लहान आकडा धरावा, हा माझा नियम आहे आणि त्याने मला कधी नुकसान झालेले नाही.

मग राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही उतरंड कशासाठी आहे? ही वर्गवारी १९४३ च्या नागपूर योजनेपासून चालत आली आहे, आणि तिचा मुख्य उपयोग रस्ता कोणाच्या ताब्यात, त्याची दुरुस्ती कोणी करायची, पैसा कोठून यायचा हे ठरवण्यासाठी होतो. आपल्याकडे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. चालकाला हे किलोमीटरच्या दगडावरून ओळखता येते: वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, नारिंगी असेल तर गावरस्ता. नावे आणि क्रमांक तर बदलत राहतात. २०१० मध्ये देशभर नवे क्रमांक आले आणि सुरत–धुळे–जळगाव–नागपूरचा सहा नंबर ५३ झाला, आग्रा रोडचा, म्हणजे तीन नंबरचा, धुळे–शिरपूर–सेंधवा तुकडा ५२ मध्ये गेला, धुळे–सोलापूरचा २११ सुद्धा ५२ मध्येच गेला. आमच्या पिढीचे चालक अजून 'सहा नंबर' आणि 'तीन नंबर' म्हणतात. तुमच्या दारातला बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता घ्या. त्याला कोणी राज्यमार्ग म्हणो, कोणी राष्ट्रीय, रावेरपासून अक्कलकुव्यापर्यंत जेथे तो दुपदरी आहे तेथे मालगाडीला ६० च्या वर परवानगी नाही.

चालकाने दगडाच्या रंगापेक्षा डांबराची रुंदी पाहावी. एकपदरी रस्ता पावणेचार मीटरचा असतो, मधल्या प्रकारचा साडेपाच मीटरचा, दुपदरी सात मीटरचा. तुमची गाडी अडीच मीटर रुंद धरा. सात मीटरच्या रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर सगळी मिळून दोन मीटर जागा उरते. साडेपाच मीटरवर अर्धा मीटर, तोही आरसे न मोजता. आणि पावणेचार मीटरच्या रस्त्यावर दोन गाड्या मावतच नाहीत. एकाची दोन चाके साईडपट्टीवर उतरतातच. आपल्याकडची साईडपट्टी बहुतेक ठिकाणी काळ्या मातीची. उन्हाळ्यात ती डांबरापेक्षा वीतभर खाली गेलेली असते आणि पावसाळ्यात भरलेल्या गाडीचे चाक तीत कणकेत बोट जावे तसे जाते. अशा रस्त्यावर कायदा ६० म्हणतो म्हणून ६० ने जाणारा चालक कायद्यात बसेल, पण केळीच्या बागेत उलटेल. प्रमुख जिल्हा मार्गावर भरलेली गाडी मी ४० ते ४५ ने चालवतो, गावरस्त्यावर ३० ने, आणि जिल्हा परिषदेच्या जुन्या मोरीवर चढण्यापूर्वी भारमर्यादेचा फलक शोधतो. ऊस, कापूस, केळीच्या हंगामात संध्याकाळनंतर मागे लाल रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, त्या हेडलाईटच्या टप्प्यात येईपर्यंत दिसत नाहीत.

थांबण्याचे अंतर एकदा कागदावर मांडून पाहा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर ६० च्या वेगात गाडी तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते आणि ८० च्या वेगात ३३. नंतर कोरड्या रस्त्यावर, ब्रेक चांगले असताना, ६० वरून थांबायला सुमारे ३५ मीटर लागतात, ८० वरून ६० च्या वर. म्हणजे एकूण ६० विरुद्ध ९५ मीटर. वेग एक तृतीयांशाने वाढला, पण थांबण्याचे अंतर दीडपटीहून जास्त झाले, कारण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ओला रस्ता, गुळगुळीत झालेले टायर, जास्तीचा माल यांतले काहीही असेल तर हे आकडे आणखी वाढतात. कापसाची गाडी उंच भरलेली असते, तिचे वजन वर असते, त्यामुळे ती ब्रेकने थांबण्याआधी वळणावर उलटते. अर्धा भरलेला टँकर तर वेगळेच प्रकरण आहे. तुम्ही ब्रेक लावता आणि आतले तेल किंवा दूध क्षणभराने येऊन गाडीला पुढे ढकलते. टँकरचा गव्हर्नर ६० वर बांधण्यामागचे हे एक कारण चालकाला एकदा स्टिअरिंगवर कळले की विसरत नाही. मालावर माणसे बसवू नयेत, हे तर सांगायलाच नको. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसून घरी निघालेले पंधरा-सोळा मजूर गेले. तो तुमचाच रस्ता आहे.

घाटांसाठी मात्र कायद्यातला आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. तेथे वेग गिअरने ठरतो.

मी नवा असताना धुळ्याहून सरकीची ढेप भरून सुरतेला निघालो होतो. दहिवेल सोडले, कोंडाईबारीचा उतार लागला, आणि डिझेल वाचवण्याच्या हौसेने मी गाडी न्यूट्रल केली. पहिली दोन वळणे मजेत गेली. तिसऱ्या वळणाला पायाखालचा ब्रेक मऊ लागला आणि केबिनमध्ये जळक्या ब्रेक-लायनरचा उग्र वास भरला. शेजारी झोपलेले उस्ताद त्या वासाने जागे झाले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. मला फक्त म्हणाले, 'पाय सोडू नको, तिसरा टाक.' तो गिअर पडेना. दुसऱ्यांदा इंजिन उठवून टाकला, तेव्हा पडला, आणि गाडी कण्हत कण्हत कडेच्या मोकळ्या जागेत थांबली. क्लीनरने लाकडी ठोकळा चाकाखाली सरकवला. मी पाण्याचा कॅन घेऊन ड्रमवर ओतायला निघालो, तेव्हा उस्तादांनी हात धरला: लाल तापलेल्या ड्रमवर पाणी पडले की त्याला तडा जातो. आम्ही पाऊण तास तसेच बसलो. त्यांनी त्या दिवशी जे सांगितले ते मी आज प्रत्येक मुलाला सांगतो, की ज्या गिअरने भरलेली गाडी हा घाट चढेल त्याच गिअरने ती उतरवायची, तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकायचा, आणि ब्रेक सतत दाबून न ठेवता मारून सोडायचा. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी आवरणारा ब्रेक) असेल तर तो आधी वापरावा. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू ठेवायला उलट डिझेल लागते. म्हणजे न्यूट्रलची ती बचतसुद्धा खोटी.

तुम्ही शिरपूरमार्गे सेंधव्याकडे जाणार असाल तर बिजासन घाट तुमच्या वाटेवर आहे. जाताना चढ आहे. परत येताना भरलेल्या गाडीने तो उतरायचा असतो आणि घाट संपला असे वाटते तेथेच पळासनेरची वस्ती, हॉटेले, थांबलेल्या गाड्या सुरू होतात. ४ जुलै २०२३ रोजी ब्रेक निकामी झालेला ट्रक तेथे गाड्यांना धडकत हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे गेली. रस्ता चौपदरी आहे, कायद्याने ८० आहे. मी तेथे उताराला ३० च्या आत असतो. अरुंद घाटात समोरासमोर आलात तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, असे २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट आहे. चांदसैलीसारख्या घाटात हे पाळले नाही तर दोन्ही गाड्या तासभर अडकतात.

कन्नड घाटाचे वेगळे सांगतो, कारण धुळे–संभाजीनगर फेरीसाठी तुम्हाला कोणीतरी तोच रस्ता सुचवेल. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तेथे मोठ्या दरडी कोसळल्या होत्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने जड वाहनांना घाटातून बंदी झाली. अशी बंदी असते तेथे वेगमर्यादेचा प्रश्नच उरत नाही. फेरी ठरवण्यापूर्वी चाळीसगावच्या अलीकडचा फलक आणि त्या दिवसाची स्थिती विचारून घ्या आणि भाडे ठरवतानाच वळशाचे किलोमीटर धरा.

समृद्धी महामार्ग खानदेशातून जात नाही, पण वैजापूर-शिर्डीकडे उतरणाऱ्या गाड्या आता तो घेतात. ५ जून २०२५ पासून तो ७०१ किलोमीटर पूर्ण खुला आहे. तेथे मोटारींना १२० आहे म्हणून मोहात पडू नका. मालगाडीला ८० च. डाव्या बाजूने चाला आणि सरळ रस्त्याने येणाऱ्या झोपेची तजवीज ठेवा.

आता चलनाकडे येतो. मोटार वाहन अधिनियमात वेगमर्यादा मोडण्याबद्दल जे कलम १८३ आहे त्यात तीन गोष्टी चालकाच्या उपयोगाच्या आहेत आणि त्या फारसे कोणी सांगत नाही. एक, केवळ 'गाडी जोरात होती असे मला वाटले' अशा एका साक्षीदाराच्या मतावर शिक्षा होत नाही. त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा आधार लागतो. दोन, दंड गाडीच्या वर्गावर आहे. नोंदणी पुस्तकात तुमच्या गाडीचे एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर ती हलक्या वाहनात येते आणि दंड १,००० ते २,००० रुपये. मध्यम किंवा जड असेल तर २,००० ते ४,०००; आणि गाडी कोणत्याही वर्गाची असो, दुसऱ्यांदा तोच गुन्हा झाल्यास चालकाचा परवाना अडकतो. आधी नोंदणी पुस्तक काढा आणि चलनात वर्ग बरोबर लिहिला आहे का ते पाहा. मी एकदा हलक्या गाडीवर जड वाहनाचा दंड लागलेला पाहिला आहे आणि लेखी तक्रार केल्यावर तो दुरुस्त झाला. कॅमेऱ्याचे चलन असेल तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १६७ अ प्रमाणे घटनेपासून पंधरा दिवसांत नोटीस यायला हवी, आणि अशा पट्ट्यावर तसा इशारा देणारा फलकही हवा. छायाचित्रातला क्रमांक, जागा, तारीख आणि वेळ ताडून पाहा. हे सगळे जुळत असेल तर वाद घालण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या मालकाला वाचून दाखवण्यासारखी आहे. वेगमर्यादा मोडल्याशिवाय जी फेरी त्या वेळेत होणेच शक्य नाही, ती तेवढ्या वेळात पूर्ण करण्याचा हुकूम कोणी दिला, तर तो हुकूम हाच त्या माणसाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. नोकराकडून वेग मोडून घेणाराही त्याच कलमाखाली येतो. तुम्ही लिहिले आहे की 'दहाच्या आत चाळीसगावला माल उतरला पाहिजे' असा मालकाचा फोन होता. तो फोन तोंडी न ठेवता पुढच्या वेळी संदेश पाठवायला सांगा, म्हणजे मालकसुद्धा वेळ विचार करून लिहितील. त्यांना हिशेबही द्या: दुपदरीच्या ५० किलोमीटरच्या पट्ट्यात ६० ने ५० मिनिटे लागतात, ७१ ने ४२. वाचली आठ मिनिटे, तीही वाटेत एकही ट्रॅक्टर, एकही रेल्वे फाटक, एकही आठवडे बाजार लागला नाही तर. चोपड्याहून अर्धा तास आधी निघण्याची परवानगी मागा. केळी असो की कापूस, लोडिंगच उशिरा संपत असेल तर उशीर तेथे झाला आहे, आणि तसे लोडिंगच्या पावतीवर वेळेसह लिहून घ्या.